कॉलेजची यादी भरण्याआधी

जून उजाडला की माझ्या फोनवर ठरावीक मेसेज येऊ लागतात. "भाईजान, ८४ पर्सेंटाइल आहेत, कुठलं कॉलेज मिळेल?" "एजंट म्हणतोय सीट पक्की करून देतो, पैसे देऊ का?" "कॉम्प्युटर घेऊ की एआय?" मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, समुपदेशक नाही. पण गेली काही वर्षं सीईटीचा निकाल लागल्यानंतरचे रविवार आम्ही तीन-चार मित्र मोहल्ल्यातल्या एका शाळेच्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसतो आणि येईल त्या मुलामुलींना प्रवेशाचा अर्ज भरायला मदत करतो. तिथे जे पाहिलं, आणि त्याआधी स्वतः जे भोगलं, त्यावरून या वेळचं संपादकीय लिहितो आहे.

एक गोष्ट तिथे पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारे आईवडील भरपूर आहेत. दहा वर्षं पैसे साठवून ज्या कॉलेजात ते खर्च करायचे, त्या कॉलेजची निवड मात्र दोन दिवसांत होते, आणि तीही मामूच्या ओळखीच्या कुणाच्या तरी सांगण्यावरून. फ्रिज घेताना आपण चार दुकानं फिरतो. कॉलेज घेताना एकही नाही.

माझंच उदाहरण सांगतो. २००८ साली मी बारावी झालो. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, घरात इंजिनिअरिंगला जाणारा मी पहिला. सीईटीचे मार्क बरे होते. पसंतीक्रमाचा अर्ज गावातल्या नेट कॅफेवाल्याने भरून दिला. तो म्हणाला, "जे मिळणार आहे ते वर टाकूया, म्हणजे रिस्क नको." मी मान डोलावली. घरापासून तासाभराच्या अंतरावरचं खासगी कॉलेज पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तेच मिळालं. अब्बांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली, मोहल्ल्यात पेढे वाटले. महिन्याभराने कळलं, की माझ्यापेक्षा कमी मार्कांचा एक मुलगा शासकीय कॉलेजात गेला होता. त्याची फी माझ्या फीच्या मानाने किरकोळ होती. माझी जागा कुणी हिरावून घेतली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती.

ही चूक आजही दर रविवारी दिसते, म्हणून तिच्यामागचं गणित नीट सांगतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ज्याला सगळे कॅप म्हणतात त्यात, संगणक गुणवत्ता यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पसंतीक्रम वरून खाली वाचत जातो. तुमचा नंबर आला तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजात तुमच्यासाठी जागा असेल तर ती मिळते. नसेल तर दुसरा क्रमांक, मग तिसरा. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. त्यामुळे यादी 'काय मिळेल' या क्रमाने लावायची नसते, 'काय हवं' या क्रमाने लावायची असते. 'काय मिळेल' याचा विचार फक्त यादी किती लांब ठेवायची, हे ठरवण्यासाठी करायचा. वर हवीहवीशी चार-पाच, मध्ये आपल्या पर्सेंटाइलच्या आसपासची, आणि खाली खात्रीची. यादीत ३०० पर्यंत पर्याय टाकता येत आले आहेत, आणि आपली मुलं सात टाकून बाहेर पडतात.

याच्या जोडीला एक सावधगिरी. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर ती निवड पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर फक्त तेच टाका, जे मिळालं तर बाकी काही नको असेल. पुढच्या फेऱ्यांत हा नियम कितव्या क्रमांकापर्यंत लागू होतो, ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. मागच्या वर्षांचे कटऑफही तिथेच आहेत. एजंट ज्याचे पैसे मागतो, त्यातलं बहुतेक सगळं या दोन कागदांत आहे.

आता कागदपत्रांबद्दल. इथे होणारं नुकसान मार्कांच्या नुकसानीपेक्षा मोठं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी आली. वडिलांचा फळांचा गाडा, कुटुंब बागवान. बागवान समाज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी असे आपल्यातले इतरही अनेक समाज आहेत. मुलीचे पर्सेंटाइल चांगले होते. पण घरात कुणीही कधी जातीचा दाखला काढलेला नव्हता. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं होतं. तहसीलच्या चकरा सुरू झाल्या तोवर अर्जाची मुदत संपत आली. शेवटी तिने खुल्या प्रवर्गातून अर्ज भरला, जे कॉलेज मिळालं त्याची फी झेपणार नव्हती, आणि तिने गावातच बीएस्सीला नाव घातलं. बीएस्सी वाईट नाही. पण तिला ते करायचं नव्हतं.

त्याच वर्षी, ८ जुलै २०२४ रोजी, राज्य सरकारने निर्णय काढला होता. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींनी केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. ती मुलगी या निर्णयात अगदी नेमकी बसत होती. आडवा आला तो एक दाखला. पुढे तिच्या चुलत पणजोबांची 'बागवान' अशी नोंद जुन्या नगरपालिका शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडली. धाकट्या भावाला तिचा उपयोग होईल. तिच्यासाठी उशीर झाला होता.

म्हणून अकरावीत मूल गेलं की त्याच वर्षी हे काम हातात घ्या. ओबीसीत येत असाल तर जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले, त्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी बघा. कोणत्याच आरक्षणात येत नसाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर तहसीलमधून ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. "हे आपल्यासाठी नसतं," असं मला कितीतरी पालकांनी सांगितलं आहे. ते आपल्यासाठीही आहे. याशिवाय उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात आणि दरवर्षी नव्याने लक्ष ठेवावं लागतं. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठीही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून अर्धं शिक्षण शुल्क मिळतं. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. एजंटमार्फत घेतलेल्या संस्थास्तरावरच्या जागेला यातलं काहीच मिळत नाही, हे तो एजंट सांगत नाही. मंजूर फीशिवाय वेगळी देणगी मागणं हा तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती बघा आणि मगच बोलणी करा.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांबद्दल हमखास प्रश्न येतो. भायखळ्याचं साबू सिद्दीक, नागपूरचं अंजुमन, मालेगावचं मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस अशी कॉलेजं आपल्या राज्यात आहेत. तिथे समाजासाठी राखीव जागा असतात, त्यामुळे कमी पर्सेंटाइलवरही प्रवेश मिळू शकतो. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं आरक्षण मात्र अशा संस्थांना लागू नसतं. ही संधी आहे, जरूर घ्या, पण यादीतला एक पर्याय म्हणून. 'आपलं' कॉलेज आहे म्हणून तपासणी माफ होत नाही. शासकीय कॉलेज आपल्याला परकं आहे असंही नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम होता. त्या आकड्याची कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी आपल्या हातात नाहीत. पसंतीक्रमाच्या यादीत त्या कॉलेजचं नाव लिहिणं तरी आपल्या हातात आहे. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी, सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही नावं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

तपासणी म्हणजे नेमकं काय? जाहिरातीतला 'सर्वोच्च पॅकेज' हा आकडा बाजूला ठेवा. तो एका मुलाचा असतो. विचारायचं ते असं: तुमच्या शाखेच्या शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि मधल्या मुलाचा पगार किती? नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीएची मान्यता एकेका शाखेला मिळते. कॉलेजला मान्यता आहे म्हणजे तुमच्या शाखेला आहेच असं नाही, म्हणून शाखेचं नाव घेऊन विचारा. प्राध्यापकांची यादी संकेतस्थळावर असते. त्यातले खरोखर शिकवणारे किती, हे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दोन मिनिटांत सांगतो. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता न कळवता जा. प्रयोगशाळेला कुलूप आहे की मुलं काम करत आहेत, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं, कॅन्टीनमधली मुलं कशाबद्दल बोलत आहेत, ते बघा. माहितीपत्रकापेक्षा हे खरं असतं.

शाखेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या चुलत भावंडांच्या जागा झपाट्याने वाढल्या. जागा एका उन्हाळ्यात वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. म्हणून 'एआय अँड डेटा सायन्स' या पाटीला भुलू नका. तिथे गणित, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवतं ते विचारा. चांगल्या शासकीय कॉलेजातलं इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल हे कर्ज काढून घेतलेल्या सुमार कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा मला बऱ्याचदा बरं वाटतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या चांगल्या प्रोग्रामरांपैकी काही जण मेकॅनिकलचे आहेत. पण मुलाला यंत्रांत अजिबात रस नसेल, तर केवळ कॉलेजच्या नावासाठी त्याला तिकडे ढकलू नका. चार वर्षं त्यालाच काढायची आहेत.

मुलींच्या बाबतीत 'लांब पाठवायचं नाही' या वाक्याने यादी अर्धी होते. पालकांची काळजी खोटी नाही, मी तिची टिंगल करणार नाही. पण काळजी असेल तर प्रश्न विचारा. वसतिगृह कॉलेजच्या आवारात आहे का? रेक्टर तिथेच राहतात का? शेवटचं लेक्चर किती वाजता संपतं? आपल्या भागातली कुणी आपा तिथे आधी शिकली आहे का? तिचा नंबर मिळवा, आईला तिच्याशी बोलू द्या. रोज दोन तास एसटीत उभं राहून 'जवळच्या' कॉलेजात जाणारी मुलगी आणि आवारातल्या वसतिगृहात राहणारी मुलगी, यांत जास्त सुरक्षित कोण, हे अंतर मोजून कळत नाही. आमच्याकडे आलेल्या एका अब्बांनी मुलीबरोबर जाऊन वसतिगृह पाहिलं, रेक्टरबाईंशी तासभर बोलले, आणि परत येऊन स्वतःच्या हाताने ते कॉलेज वर सरकवलं.

प्रवेश झाला, पेढे वाटले. इथून दुसरी चूक सुरू होते: आता काम झालं, असं मानण्याची.

माझं कॉलेज सुमार होतं. पहिलं वर्ष मी त्याला शिव्या देण्यात घालवलं आणि गणितात एटीकेटी घेऊन बसलो. दुसऱ्या वर्षी एका सीनियरने त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं आणि म्हणाला, "बिघडव आणि दुरुस्त कर." आम्ही चौघे मित्र रोज संध्याकाळी लॅब असिस्टंटला चहा पाजून तासभर लॅब उघडी ठेवायला लावायचो. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं कॅफेत डाउनलोड करून आळीपाळीने बघायचो. इंग्रजी समजायचं नाही, म्हणून एकजण थांबवून मराठीत सांगायचा. कॉलेजने मला जे दिलं नाही ते त्या तासाभराने दिलं. चांगलं कॉलेज असतं तर हे सोपं झालं असतं, यात शंका नाही. पण चांगल्या कॉलेजातही ते आपोआप होत नाही, हे मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघतो.

गेली काही वर्षं मी आमच्या कंपनीसाठी नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. माझा आवडता प्रश्न साधा आहे: "तुझ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडलं, आणि ते कसं शोधून काढलंस?" ज्याने प्रोजेक्ट दुकानातून विकत घेतला, त्याला पहिल्या मिनिटात घाम फुटतो. त्याच्या सर्टिफिकेटवर चांगलं कॉलेज असतं, नऊच्या वरचा सीजीपीए असतो, आणि सांगण्यासारखं काहीच नसतं. आणि कधी कधी नावही न ऐकलेल्या कॉलेजातली मुलगी डोळे चमकवत सांगते, की मोहल्ल्यातल्या मेडिकल दुकानासाठी तिने हिशेबाचा छोटा प्रोग्राम लिहिला, पहिल्याच दिवशी साठ्याचा आकडा उणे आला, आणि दोन रात्री जागून तिने चूक शोधली. अशी मुलगी मला हवी असते.

म्हणून नव्याने कॉलेजात जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या वर्षाचं गणित सोडू नका. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवाल तर निदान प्रयोग स्वतः करा. दर सहामाहीत एक छोटी पण चालणारी गोष्ट स्वतः बनवा, आणि प्रोजेक्ट काहीही झालं तरी विकत घेऊ नका. इंग्रजीची लाज वाटत असेल तर रोज कुणाशी तरी दहा मिनिटं चुकत-माकत बोला. गेटची परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. तिच्या गुणांवर एमटेकला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळतं. आपल्या चार माणसांच्या कोंडाळ्यात राहू नका. वेगवेगळ्या गावांची, जातीधर्मांची मुलं एकत्र जेवतात, भांडतात, अभ्यास करतात, हे कॉलेजचं अर्धं शिक्षण आहे. आमच्या त्या चौघांत एक लातूरचा, एक हिंगोलीचा, एक वाड्यावरचा आणि एक मी होतो. आजही कुणाची नोकरी गेली तर पहिला फोन त्याच तिघांपैकी कुणाला तरी जातो.

शेवटची विनंती वाचकांतल्या नोकरदारांना. तुम्ही इंजिनिअर असाल, शिक्षक असाल, तहसीलमध्ये कारकून असाल, तुमच्या मोहल्ल्यात अकरावी-बारावीची मुलं आहेत. मोठा कार्यक्रम, बॅनर, सत्कार यांची गरज नाही. डिसेंबरमध्ये एका रविवारी चार घरांत जाऊन विचारा, दाखले काढले का? जूनमध्ये त्या चार मुलांच्या शेजारी बसून पसंतीक्रम लावा. आणि प्रवेशानंतर चार वर्षं, दर दोन महिन्यांनी एक फोन करून विचारा, सध्या काय बिघडवलंयस आणि काय दुरुस्त केलंयस?

२००८ मध्ये असा एक माणूस आमच्या गल्लीत असता, तर अब्बांचं सोसायटीचं कर्ज कदाचित वाचलं असतं. ते फिटायला सहा वर्षं लागली.